यादी संपली म्हणून वस्ती संपली का? हेड्रियनच्या भिंतीजवळच्या एका खोदकामातल्या नाण्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

साइटचं नाव मुद्दाम देत नाहीये, का ते पुढे येईलच. जागा उत्तर इंग्लंडमधली, हेड्रियनच्या भिंतीच्या पट्ट्यातली. एक रोमन किल्ला, आणि किल्ल्याच्या दाराबाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली साध्या लोकांची वस्ती, जिला विकुस म्हणतात. लोहार, चांभार, दारूचे गुत्ते, व्यापारी, निवृत्त सैनिक आणि सैनिकांची बायकापोरं. (सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळापर्यंत सैनिकाला कायद्याने लग्न करता येत नव्हतं, पण कायदा कायद्याच्या जागी आणि संसार संसाराच्या जागी.) घरं लांबट आणि अरुंद, तोंड रस्त्याकडे, पुढे दुकान, मागे राहायची जागा.

भिंतीचं काम इसवी सन १२२ मध्ये सुरू झालं, लांबी साधारण ११७ किलोमीटर, आणि पुढची पावणेतीनशे-तीनशे वर्षं हा रोमन ब्रिटनचा उत्तरेचा काठ होता, मधली वीसेक वर्षं सोडून, कारण तेव्हा सरहद्द अजून वर अँटोनाइन भिंतीपर्यंत सरकली होती. सैन्याला पगार मिळायचा, पगार दाराबाहेरच्या दुकानांत जायचा, त्यामुळे अशा वस्तीत नाणी मिळणारच, त्यात नवल काही नाही.

आपल्याकडे रोमन नाणी म्हटलं की डोळ्यासमोर येतात ते कोइम्बतूर-करूरकडचे सोन्याचांदीचे साठे, ऑगस्टस आणि टायबेरियसचे, व्यापारातून आलेले. महाराष्ट्रात तर त्या व्यापाराच्या बाकीच्या खुणाच जास्त ओळखीच्या, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीतला ब्राँझचा पोसायडन वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. सरहद्दीवरच्या वस्तीतलं नाणं हे त्यापेक्षा फार साधं असतं, बहुतेक तांब्या-पितळेची चिल्लर, खिशातून पडलेली, जमिनीच्या फटीत गेलेली, कोणी वाकून शोधायची तसदी घेतली नाही अशी. साठा कोणीतरी मुद्दाम ठेवलेला असतो आणि चिल्लर चुकून सुटलेली असते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचं सगळं गणित फसतं, आणि इथे दोन्ही एकाच ट्रेंचमध्ये, म्हणजे खोदलेल्या चरात, निघाल्या.

खोदकाम एक छोटा ट्रस्ट चालवत होता, फक्त उन्हाळ्यात, बहुतेक माणसं स्वयंसेवक. जमीन एका शेतकऱ्याची, वर मेंढ्या चरायच्या. माझं काम फाइंड्सच्या टेबलावर, म्हणजे खापरं धुणं, पिशव्यांवर नंबर घालणं, आणि नाणं आलं की न धुता, न घासता, वेगळ्या डबीत ठेवून त्याचा थर आणि जागा लिहून घेणं. नाणी ओळखायला एक निवृत्त नाणेतज्ज्ञ यायचे, त्यांना इथे आजोबा म्हणूया, कारण वयाने आणि स्वभावाने तसेच होते. आणि साइटच्या डायरेक्टर बाई, ज्यांच्या हातात परवानग्या, पैसे आणि रिपोर्ट, सगळंच.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते कारण सगळं त्यावर फिरतं. सीझनच्या सुरुवातीला गवत आणि वरची माती मिनी-डिगरने काढली होती. हाताने काढायला आठवडे गेले असते आणि पैसे तेवढे नव्हते, हे मान्य. माती बाजूला ढीग करून ठेवली, आणि त्या ढिगाकडे नंतर कोणी बघितलं नाही.

नेमकी अडचण

सीझन संपत आला तेव्हा नाण्यांची यादी अशी दिसत होती. सगळ्यात जुनी म्हणजे व्हेस्पेशियन आणि डोमिशियनची गुळगुळीत झालेली तांब्याची नाणी, मग ट्रेजन, हेड्रियन, मग अँटोनायनस पायसचं ते प्रसिद्ध ॲस, म्हणजे तांब्याचं कमी किमतीचं नाणं, ज्याच्या मागच्या बाजूला ब्रिटानिया हताश होऊन बसलेली आहे. (१५४-१५५ सालचं हे नाणं सापडतं मुख्यतः ब्रिटनमध्येच, भिंतीवरच्या कॅरॉबरो किल्ल्याजवळ कोव्हेंटिना देवीच्या विहिरीत १८७६ मध्ये जी तेरा हजारांवर नाणी निघाली त्यात ही एकटीच तीनशेच्या वर होती.) मग सेव्हेरसच्या घराण्याची चांदीची डिनारी, आणि शेवटी २६०-२७० च्या दशकांतली किरणांचा मुकुट घातलेल्या राजांची हलकी नाणी, व्हिक्टोरिनस, टेट्रिकस आणि त्यांच्या ओबडधोबड नकला. त्यानंतर यादी कोरी. कॉन्स्टंटाइन नाही, त्याची पोरं नाहीत, व्हॅलेंटिनियन नाही, म्हणजे चौथ्या शतकातलं कोणीच नाही.

डायरेक्टर बाईंच्या कच्च्या रिपोर्टमध्ये मग एक वाक्य आलं, की सुमारे २७० मध्ये वस्ती ओस पडली. वाक्य वाचायला छान होतं आणि भिंतीवरच्या बऱ्याच वस्त्यांबद्दल जे आधीपासून म्हटलं जातं, की तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात त्या रिकाम्या झाल्या, त्याच्याशी जुळतही होतं. माझ्या मते खरा धोका तिथेच होता, कारण ठरलेल्या मताशी जुळणारा पुरावा आला की कोणी त्याला दुसऱ्यांदा प्रश्न विचारत नाही.

आजोबांनी विचारला. यादीवरून बोट फिरवत ते म्हणाले, "नाणी बरोबर ओळखली आहेत. पण वरची माती कुठे आहे?"

मुद्दा असा की वस्तीचा सगळ्यात शेवटचा थर नांगराने आणि झाडांच्या मुळांनी उखडून वरच्या मातीत मिसळलेला असतो. चौथ्या शतकातलं नाणं असलंच तर ते त्या वरच्या मातीत असणार, आणि ती आम्ही मशीनने उचलून बाजूला टाकली होती. म्हणजे यादीत चौथं शतक नव्हतं, पण चौथं शतक सापडायची जागा आम्ही तपासलीच नव्हती.

दुसरी गोष्ट त्या २७० च्या आकड्याचीच. टेट्रिकसचं राज्य २७१ ते २७४. २७४ मध्ये रोमचा सम्राट ऑरेलियनने टेट्रिकसचं ते गॉलमधलं (आजच्या फ्रान्सकडचं) वेगळं साम्राज्य परत ताब्यात घेतलं, आणि ब्रिटनमध्ये पुरेशी नवी चिल्लर येईना तेव्हा लोकांनी स्वतःच नकला पाडल्या, साधारण २७५ ते २८५ च्या दरम्यान. आमच्याकडे ज्या नकला होत्या त्या २७० मध्ये कोणाच्या खिशातून पडणं शक्यच नव्हतं कारण तेव्हा त्या जन्मालाच आल्या नव्हत्या. म्हणजे आमच्याच यादीने आमचंच वाक्य खोडलं होतं. डायरेक्टर बाईंचं म्हणणं, अहो पण सगळे २७० च म्हणतात, सुमारे लिहिलंय ना. सुमारे हा शब्द फार ओझं उचलत होता.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे तो गठ्ठा. एका घराच्या मातीच्या जमिनीखाली छोटा खड्डा, त्यात एकमेकांना चिकटलेली चांदीची नाणी, दहापेक्षा जास्त, बाहेरून हिरवट-काळी. सगळ्यात वरच्या नाण्यावर वल्ह्यांचं जहाज अर्धवट दिसत होतं. एका स्वयंसेवकाने ते ओळखलं आणि ट्रेंचभर बातमी झाली की अरे हे मार्क अँटनीचं नाणं आहे, ख्रिस्तपूर्व ३२-३१ सालचं, म्हणजे ही वस्ती रोमनांनी ब्रिटन जिंकायच्या आधीपासूनची!

तसं काही नसतं, पण उत्साह समजण्यासारखा होता. अँटनीने ॲक्टियमच्या लढाईआधी सैन्याचा पगार द्यायला ही डिनारी पाडली, त्यात चांदी कमी होती, आणि कमी होती म्हणूनच ती टिकली. चांगल्या चांदीची नाणी लोक साठवतात किंवा वितळवतात, हलकी नाणी फिरत राहतात. ही थेट तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाजारात होती. आपली शिवराई नाही का, छत्रपतींच्या काळात सुरू झालेला पैसा इंग्रजी अमदानीतसुद्धा खेड्यापाड्यांत चालायचा, आणि कुठल्याशा घराच्या पायात शिवराई निघाली म्हणून ते घर शिवकाळातलं ठरत नाही. मी हेच सांगायचा प्रयत्न केला, शिवराई म्हणजे काय हे समजावण्यात अर्धा चहाचा ब्रेक गेला तो वेगळा.

समोर कुठले पर्याय होते

ढिगाचं काय करायचं हा पहिला निर्णय, आणि वेळ कमी, कारण सीझन संपला की तीच माती परत ट्रेंचमध्ये ढकलून गवत लावायचं असं शेतकऱ्याशी ठरलेलं.

सगळ्यात सोपं म्हणजे काहीच न करणं. रिपोर्टमध्ये एक ओळ टाकायची की वरची माती मशीनने काढली आणि तपासली नाही, वाचणाऱ्याने काय ते समजून घ्यावं. असं खूप ठिकाणी केलं जातं आणि ते अप्रामाणिक नाही, पण ती ओळ पान चाळीसवर जाते आणि ओस पडल्याचं वाक्य पहिल्या पानावर राहतं.

दुसरा पर्याय मेटल डिटेक्टरचा. पण जागा संरक्षित स्मारकाच्या हद्दीत होती आणि १९७९ च्या प्राचीन स्मारक कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे अशा जागेवर लायसन्सशिवाय डिटेक्टर वापरणं हा गुन्हा आहे, तुम्ही आर्किऑलॉजिस्ट असलात तरी. आमच्या परवानगीत डिटेक्टर नव्हता. डायरेक्टर बाईंनी तो मुद्दामच मागितला नव्हता, कारण आधीच्या एका साइटवर डिटेक्टर वाजला की स्वयंसेवक थर-बिर विसरून सरळ खाली खड्डा करायचे असा त्यांचा अनुभव होता. कारण चुकीचं नव्हतं, पण ते ट्रेंचपुरतं खरं होतं, ढिगाला लागू नव्हतं. ढिगात थर असतातच कुठे बिघडायला.

तिसरा म्हणजे चाळणी. हाताने चाळायला वेगळं लायसन्स लागत नव्हतं, ते आमच्या खोदकामाच्या परवानगीतच बसत होतं, पण ढीग मोठा आणि हात थोडे. शिवाय चाळणीचं भोक किती हा वेगळाच वाद. त्या नकला कधीकधी शर्टाच्या बटणाएवढ्याच असतात, जाड भोकाच्या चाळणीतून त्या शांतपणे खाली जातात आणि आपण वर राहिलेले दगड बघून समाधान मानतो.

गठ्ठ्याचा निर्णय वेगळ्या प्रकारचा. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे किमान ३०० वर्षं जुनी, किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली दोन किंवा जास्त नाणी एकाच ठिकाणी एकत्र सापडली तर ती ट्रेझर, आणि १४ दिवसांत कोरोनरला, म्हणजे अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवणं बंधनकारक. यात पर्याय असा नव्हताच. प्रश्न होता तो नाणी सुटी करायची की नाही. सुटी केली तर प्रत्येक नाणं वाचता येतं, शेवटचं कुठलं ते कळतं. पण गठ्ठ्याच्या एका बाजूला गंजात कापडाच्या विणीचा ठसा उमटलेला होता, बहुतेक थैलीचा, आणि सुटी करताना तो जाणार. नाणी कुठल्या क्रमाने रचली होती तेही गेलं की गेलं.

काय केलं

ढिगाबद्दल आजोबा आणि डायरेक्टर बाईंचं चांगलंच वाजलं. शेवटी ठरलं ते मधलं. ढीग परत ढकलायचा नाही, ताडपत्री टाकून ठेवायचा, हिस्टॉरिक इंग्लंड या स्मारकं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेकडे कलम ४२ च्या लायसन्ससाठी अर्ज करायचा, आणि तोवर ढिगाच्या वेगवेगळ्या भागांतून ठरावीक घमेली माती घेऊन बारीक चाळणीने चाळायची. शेतकऱ्याला जाऊन सांगावं लागलं की तुमचं कुरण अजून काही काळ उघडं राहणार. तो म्हणाला मेंढ्या दुसरीकडे चरतील, पण हिवाळ्याआधी आटपा.

इथे एक गोष्ट केवळ नशिबाने हाताशी आली. मिनी-डिगरच्या ड्रायव्हरने माती पट्ट्यापट्ट्याने काढली होती आणि त्याच क्रमाने टाकली होती, रस्त्याकडची माती ढिगाच्या एका टोकाला, मागच्या घरांवरची दुसऱ्या टोकाला. त्याला फोन करून विचारलं तर त्याला नीट आठवत होतं, आणि पहिल्या दिवशीच्या फोटोंशी ते जुळलं. म्हणजे ढिगातलं नाणं नेमक्या थरातलं नसलं तरी साधारण कुठल्या पट्ट्यातलं हे सांगता येणार होतं. हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं. ठरवून करायला हवं होतं.

चाळणीत थोडंसंच आलं, दोन नकला आणि एक तुकडा. लायसन्स आल्यावर डिटेक्टर फिरवला तेव्हा खरी गंमत. ३३० च्या दशकातली छोटी नाणी निघाली, दोन सैनिक आणि मध्ये ध्वज असलेली, एक लांडगीचं दूध पिणाऱ्या जुळ्यांचं, आणि व्हॅलेंटिनियनच्या घराण्याचं एक, ३६४ ते ३७८ मधलं. स्वयंसेवकांना वाटलं झालं, वस्ती चौथ्या शतकातही होती, बाईंचं वाक्य पडलं. पण ती सगळी ढिगाच्या एकाच टोकाला होती, रस्त्याकडच्या, किल्ल्याच्या दाराजवळच्या पट्ट्याच्या मातीत. घरांवरच्या मातीत एकही नाही, दोनदा फिरून बघितलं.

दरम्यान ट्रेंचमधले जे गंजाचे गोळे होते, ज्यांना आम्ही नाणं की खिळ्याचं डोकं असं प्रश्नचिन्ह लावून ठेवलं होतं, त्यांचा एक्स-रे काढून घेतला. एक्स-रे स्वस्त पडतो, एका प्लेटवर बरेच गोळे मावतात, आणि नाणं न घासता आतली किरणांच्या मुकुटाची रेघ दिसते. त्यातले काही नकलाच निघाल्या, म्हणजे यादीच्या शेवटाला अजून वजन आलं.

मग आकड्यांचा प्रश्न. ब्रिटनमधल्या साइटवरच्या नाण्यांसाठी नाणेतज्ज्ञ रीस यांची पद्धत वापरतात, रोमन काळाचे २१ भाग पाडायचे, प्रत्येक भागातली नाणी हजारात किती पडतात ते काढायचं, आणि १४० साइटच्या सरासरीशी ताडून बघायचं. कारण उघड आहे, सगळ्याच साइटवर २६० ते २९६ च्या भागांत आणि ३३० ते ३४८ च्या भागात नाणी जास्त पडतात, त्यावरून तिथे लोक जास्त होते असं म्हणता येत नाही, तेव्हा फक्त कमी किमतीची चिल्लर ढीगभर होती. आणि भिंतीवरच्या किल्ल्यांचा नमुना दक्षिणेतल्या शहरांपेक्षा वेगळा असतो, सुरुवातीची नाणी जास्त, चौथ्या शतकातली तुलनेने कमी. एका तरुण सहकाऱ्याने सुंदर रंगीत आलेख केला. आजोबांनी तो बघितला आणि म्हणाले की एवढ्याशा यादीला हजारात बसवलं की एक नाणं इकडचं तिकडे झालं तरी डोंगर उठतो. आलेख परिशिष्टात गेला. बरं झालं.

त्यापेक्षा कामाला आली ती एक साधी तुलना, शेजारच्याच किल्ल्याच्या आतल्या जुन्या खोदकामांतली नाणी. तिथे चौथ्या शतकातली नाणी भरपूर होती. हे का महत्त्वाचं, तर घरांमध्ये ३३० ची नाणी नाहीत याला अर्थ तेव्हाच येतो जेव्हा ती हाकेच्या अंतरावर सर्रास मिळत होती. सैन्याकडेच नाणी पोचत नसती तर घरांतली रिकामी जागा काहीच सांगत नव्हती. खापरांनीही तेच सांगितलं, ३६० नंतर उत्तरेत सगळीकडे दिसणारी हंटक्लिफ प्रकारची जाड काठाची मडकी किल्ल्यात आहेत, घरांमध्ये नाहीत. आता या दोन गोष्टी, नाणी आणि खापरं, एकमेकांवर अवलंबून नाहीत, म्हणून मला स्वतःला हा भाग सगळ्यात पटतो.

गठ्ठा कंझर्व्हेशन लॅबमध्ये गेला. आधी स्कॅन, प्रत्येक कोनातून फोटो, कापडाच्या ठशाचं मोजमाप, मग कापडाकडची बाजू तशीच ठेवून दुसऱ्या बाजूची नाणी मायक्रोस्कोपखाली एकेक करून सुटी केली. वरचं अँटनीचं होतंच. खाली व्हेस्पेशियन, ट्रेजन, आणि मग सेव्हेरस आणि त्याची पोरं, शेवटची साधारण २१० च्या आसपासची. काही तर आतून तांबं आणि वरून चांदीचा पत्रा, म्हणजे त्या काळातलीच खोटी नाणी. त्यांच्या मालकाला माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. सरहद्दीवर अशी नाणी फार मिळतात. खोटी वगळली तरी चांगल्या चांदीची दोनपेक्षा जास्त होती, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने फरक पडला नाही.

आणि मग आला प्रेस रिलीजचा मोह. सेव्हेरस २०८ मध्ये ब्रिटनमध्ये आला, उत्तरेत स्कॉटलंडवर मोहीम काढली, २११ मध्ये यॉर्कला वारला. शेवटचं नाणं २१० चं. ट्रस्टच्या एका माणसाने लगेच मथळा लिहिला, मोहिमेवर गेलेला सैनिक परतलाच नाही. वाचायला डोळ्यात पाणी येईल असं. पण शेवटचं नाणं फक्त एवढं सांगतं की थैली त्याच्या आधी पुरली गेली नाही. नंतर किती वर्षांनी, ते नाही सांगत. थैली दुकानदाराची असू शकते, खोटी नाणी वेगळी काढून ठेवणाऱ्या कोणाची असू शकते, आणि घराच्या जमिनीखाली पैसे ठेवून विसरायला मोहीमच लागते असंही नाही. डायरेक्टर बाईंनी मथळा कापला, तिथे त्यांचे आभार मानायला हवेत.

फोटोचं लफडं

नाव का देत नाही ते इथे. गठ्ठा निघाला त्याच संध्याकाळी एका स्वयंसेवकाने तळहातावरचा फोटो फेसबुकवर टाकला. मागे टेकडीची कड आणि किल्ल्याची भिंत स्पष्ट. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, आनंद झाला म्हणून टाकला. पण रात्री डिटेक्टर घेऊन अशा शेतांत घुसणारे लोक इंग्लंडमध्ये आहेत, त्यांना नाइटहॉक म्हणतात, आणि ते टेकडीच्या कडेवरून शेत ओळखतात. फोटो काढायला लावेपर्यंत तो व्हॉट्सॲपवर फिरला होता. नंतर एका सकाळी शेताच्या फाटकापाशी गाडीच्या टायरच्या ताज्या खुणा होत्या आणि ताडपत्रीची एक बाजू उचललेली होती. वारा असेल किंवा नसेल. पोलिसांत कळवलं, शेतकऱ्याने फाटकाला कुलूप लावलं, आणि ढिगातली नाणी सगळी आमच्याच हाती आली की नाही ही शंका रिपोर्टमध्ये लिहावी लागली.

निकाल

वाक्य बदललं. आता रिपोर्ट म्हणतो की घरांमधला वावर २७५ नंतर, बहुधा तिसऱ्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात थांबला, आणि किल्ल्याच्या दाराजवळ रस्त्याच्या कडेला चौथ्या शतकातही लोकांची ये-जा आणि कदाचित देवाणघेवाण चालू होती. कदाचित या शब्दावर पुन्हा वाद झाला. आजोबांना दाराबाहेरचा बाजार म्हणायचं होतं, कारण भिंतीवरच्या दुसऱ्या किल्ल्यांतही रस्त्यालगत पडलेल्या उशिराच्या चिल्लरीवरून बाजाराची कल्पना मांडली गेलीय. डायरेक्टर बाईंचं म्हणणं की मूठभर नाणी, तीही ढिगातली, म्हणजे चालता चालता पडलेली असू शकतात. मला स्वतःला बाईंचं जास्त पटलं, जरी आधी मी आजोबांच्या बाजूने होते.

घरातली माणसं गेली कुठे, याचं उत्तर नाण्यांत नाही. सैनिकांची कुटुंबं किल्ल्याच्या आत राहायला गेली असं एकेकाळी मांडलं जायचं, आता ते फारसं कोणी धरत नाही. रिपोर्टने तो विषय घेतलाच नाही, आणि मला ते योग्य वाटतं.

गठ्ठा ट्रेझर ठरला आणि जवळच्या म्युझियमने घेतला. खोदकाम करणाऱ्यांना बक्षीस मिळत नाही, नियमच आहे, शेतकऱ्याने मात्र आपला हिस्सा घेतला. एकदोन स्वयंसेवकांना ते खटकलं, त्याने दान करायला हवं होतं म्हणे. का बुवा? कुरण त्याचं उघडं राहिलं, कुलूप त्याने घेतलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे डिटेक्टरचं लायसन्स मूळ अर्जातच मागायचं, फक्त ढिगासाठी आणि मशीन माती काढत असताना, एका माणसाच्या हातात. ट्रेंचमध्ये कोणी वापरायचा नाही अशी अट आपणच घालायची. यामुळे डायरेक्टर बाईंची भीतीही सांभाळली जाते आणि सीझनच्या शेवटी धावाधाव होत नाही.

मशीनने माती काढायला माझी हरकत नाही, पण माती कुठे टाकायची हे आधी आखून द्यायला हवं, प्रत्येक पट्ट्याचा वेगळा ढीग आणि त्यावर पाटी. आमचं सगळं अनुमान एका ड्रायव्हरच्या आठवणीवर उभं आहे, हे रिपोर्टमध्ये लिहिताना जरा अवघडच झालं. तीच गोष्ट चाळणीची, कुठल्या भोकाची वापरली हे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलं असतं तर दोन वर्षांच्या याद्या एकमेकींशी ताडता आल्या असत्या, आता नाही येत.

कच्च्या रिपोर्टमध्ये तारीख लिहायच्या आधी नाणेतज्ज्ञाला फक्त नाणी दाखवू नयेत, नाणी कुठून आली आणि कुठली जागा तपासली नाही हेही त्याच टेबलावर ठेवावं. आजोबांनी ढिगाबद्दल विचारलं ते योगायोगाने, कारण त्या दिवशी ते डबा खायला ढिगाजवळ बसले होते.

गठ्ठ्यातली नाणी सुटी करायची घाई नव्हती असं माझं अजूनही मत आहे. कापडाचा ठसा वाचला खरा, पण स्कॅनमध्येच बऱ्याच नाण्यांचे चेहरे ओळखू येत होते, अजून चांगल्या मशीनवर एकदा बघून मग ठरवता आलं असतं. लॅबची बाजू अशी की चिकटलेल्या गंजात क्लोराइड असतील तर गठ्ठा ठेवून ठेवून आतून खराब होतो, सिलिका जेल घालून कोरडा ठेवला तरी. दोन्हीकडे तथ्य आहे.

फोटोबद्दल आता नियम केलाय. साइटवर फोन वापरा, पण आकाशाची कड दिसेल असा एकही फोटो सीझन संपेपर्यंत बाहेर जाणार नाही, आणि चांदी निघाली की फोटो फक्त काळ्या कापडावर, पट्टी शेजारी ठेवून, फाइंड्सच्या टेबलावर काढायचा. नवीन माणूस आला की चहाआधी त्याला हे सांगितलं जातं.